मुका मार

कामावर, गेटच्या आत शिरताच एक फलक आहे :
विनाअपघात दिवस, चारशे बारा.
रोज सकाळी तो आकडा मी माझ्या हातानं बदलतो.
त्या मंगळवारी बदलला,
आणि पावणेअकराला शाळेतून फोन आला.

बास्केटबॉलच्या खांबाला डोकं लागलं.
रक्त नाही. टेंगूळसुद्धा धड नाही.
नर्सच्या खोलीत बसून मृण्मयी विचारत होती, आज वार कोणता?
सांगितल्यावर पुन्हा,
आज वार कोणता?

चिपळूणहून आत्या फोनवर म्हणाली,
मुका मार वाईट रे. जखम निदान बोलते तरी.

मग फहाहीलच्या त्या चौथ्या मजल्यावर अकरा दिवस अंधार.
पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद काचांना चिकटवला,
कारण रात्रीसुद्धा रिफायनरीची ज्योत
तिच्या डोळ्यांत टोचायची.
(त्याच ज्योतीवर आमचं घर चालतं.)
टीव्ही बंद, टॅब कपाटाच्या माथ्यावर.
कुकर फुसफुसू लागला की रोहिणी धावत जाऊन गॅस बंद करायची,
शेवटी तिनं कुकरच ठेवून दिला.
भात उघड्या पातेल्यात शिजला.

डॉक्टर सहर, कैरोच्या, हळू बोलणाऱ्या,
त्यांनी कागदावर एक जिना काढून दिला. सात पायऱ्या.
झेपली तर पुढची चढायची, डोकं दुखलं तर एक उतरायची.
उतरणं म्हणजे नापास होणं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

पहिली पायरी : शाळेत एक तास, गणित नाही.
मी फाटकाबाहेर गाडीत बसून राहिलो, फोन मांडीवर उपडा.
आत चौथीतल्या मुली विचारत होत्या, प्लास्टर कुठंय?
हात मोडला असता तर
सगळ्यांनी त्यावर नावं लिहिली असती, फुलपाखरं काढली असती.
जोआन म्हणाली, नाटक करते. काळा चष्मा लावून हिरॉइन.
हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि मी?
माणसांना कामावर परत आणणं हेच तर माझं काम.
पाठ धरलेला फिटर, हात भाजलेला वेल्डर,
त्यांना हलकं काम लिहून देतो, पंधरा दिवस, सही, शिक्का.
दहाव्या दिवशी मीच विचारतो, आता बरं आहे ना?
त्या प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच असतं.
तिसऱ्या पायरीवर, परीक्षा जवळ आली म्हणून,
मी लेकीला तेच विचारलं, त्याच आवाजात.
ती हो म्हणाली.
चार तास काढले तिनं,
आणि परतताना बसमध्ये लीलाम्माच्या ओढणीवर सगळं ओकली.

त्या रात्री आम्ही एक पायरी उतरलो.
दोघंही.

आता मी विचारतो, आज किती?
आकडे तिला नकोत. माप तिनंच ठरवलंय :
फ्रिज, पंखा, मिक्सर, कुकर.
फ्रिज म्हणजे नुसती गुणगुण, शाळेत जाता येतं.
मिक्सर म्हणजे शीबा मिसना सांगून मागच्या खोलीत पडून राहायचं.
कुकर म्हणजे बाबा, ये.
बसमध्ये पहिली सीट तिची. लीलाम्मा दारात उभी राहून
पंचेचाळीस पोरांना एका बोटानं गप्प करते.

परवा कामावर रामअवतारला विचारलं, आज किती?
तो गोंधळला. मग स्टुलावर बसला,
कमरेला हात लावून बराच वेळ विचार करत राहिला.
असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

काल शुक्रवार. सुट्टी.
खिडकीचा एक कोपरा तिनं नखानं सोलला,
रुपयाएवढं ऊन भिंतीवर पडलं.
स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, आई, आज कुकर लाव.
कानात बोटं घालून ओट्यापासून लांब, दारात उभी राहिली.
एकच, म्हणाली. एकच होऊ दे.
रोहिणीचा हात बटणावर.
मी श्वास धरलेला.
वाफ जमत होती.